बाबा माफी मागूचो नाय

"सोरो ढोसून इलो आसा!"

देवळाच्या पायरीवर पालखी कलली आणि देवस्थानचा कारभार बघणारा महाजन ओरडला. पालखीखाली माझा बाबा होता. गुडघ्यावर आपटला, पण खांद्यावरचा दांडा सोडला नव्हता त्यानं. महाजनानं कॉलर धरून त्याला बाजूला ओढलं. सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा वास आला नाही. तरी म्हणाला, "जीभ बघा कशी जड झाली हा!"

लाटंबार्शाच्या काजूबागेत राबणारा माणूस. तिथं हुर्राक फुकट मिळायचा, पण दारूला शिवला नाही कधी. का? तर पालखीला खांदा द्यायचा असतो.

महाजनानं निकाल दिला. बाबानं देवासमोर नारळ ठेवून स्वतःच्या तोंडानं गाऱ्हाणं घालायचं. पिऊन आलो, चुकलो म्हणायचं. तोवर पालखी आमच्या दारात थांबणार नाही.

मग बाबाच्या हातून पेला सुटायला लागला. पायातून चप्पल निसटायची. म्हापशाचे डॉक्टर झाले, मग पणजी. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत जातात. हात, पाय, जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. बरं करणारं औषध नाही.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"बहुतेकांचं शाबूत राहतं. तुमच्या वडलांना सगळं कळतंय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. गावातले लोक त्याच्या तोंडावर म्हणत होते, येडो झालो. आणि ते त्याला कळत होतं.

मी महाजनाकडे गेले. आजार समजावून सांगितला. तो सुपारी चघळत म्हणाला, "आजार म्हणजे तरी काय गो? देवाचो कोपच तो. घेऊन ये त्याका."

आईला पालखी दारात हवी होती. रडून रडून तिनं मला तयार केलं. दोघींनी बाबाला धरून देवळात नेलं.

"मोठ्यान बोल," महाजन म्हणाला.

बाबाच्या तोंडातून नुसता आवाज निघाला. लाळ गळली. मागून कुणीतरी नक्कल केली आणि देवळात हशा पिकला. बाबा पुन्हा बोलायला धडपडू लागला. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला! माझं डोकंच फिरलं. मी नारळ उचलला.

"बाबा माफी मागूचो नाय. खोटा तुमी बोललात. देवाच्या दारात."

"मग पालखी येवची नाय तुमच्याकडे!"

"नको!"

यंदा पालखी आमचं घर टाळून पुढं गेली. आई आत रडत बसली. बाबाची वाचा आता पुरती गेली आहे. हो म्हणायचं तर डोळे मिटतो. मी विचारलं, "जाऊया माफी मागायला?"

त्यानं डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिला.

माफी महाजनानं मागायची आहे. आमच्या दारात उभं राहून, मोठ्यानं. बाबाला ऐकू येतं. यायचं तर तो आहे तोवर यावं. तो गेल्यावर हार घेऊन आला, तर उंबऱ्यावरूनच हाकलून देईन.