मल्लव्वाचा दगड

दुबलगुंडीच्या पेठेत ईरण्णाचं भुसाराचं दुकान होतं. तोलात चोख आणि बोलायला मोजका, एवढीच त्याची गावात ओळख. रझाकारांच्या धामधुमीतही तो दुकानाची एक फळी उघडी ठेवून गप्प बसून राहिला होता. पोलीस ॲक्शन होऊन गेली, निजामाचं राज्य गेलं, तरी त्याला कुठल्या कचेरीची पायरी चढायचं कारण पडलं नव्हतं. पुढं एका श्रावणात त्याची लेक मोटारीसकट ओढ्यात गेली, आणि हा गप्प माणूस बोलायला लागला.

लेकीचं नाव मल्लव्वा. तिला हुलसूरला दिली होती. पंचमीसाठी ती सर्व्हिसच्या मोटारीनं माहेरी निघाली होती. हुमनाबादहून दुबलगुंडीला येताना शेवटच्या वळणावर ओढा लागे. त्यावर दगडी फरशीचा बसका पूल होता आणि त्याला कठडा नव्हता. समोरून बैलगाडी आली म्हणून ड्रायव्हरनं मोटार बाजूला घेतली. फरशीवरून गढूळ पाणी वाहत होतं. कड कुठं संपते ते त्याला दिसलं नाही. मोटार कलंडली. बाकीच्यांना लोकांनी ओढून काढलं. मल्लव्वा आणि एक म्हातारा हाती लागले तेव्हा उशीर झाला होता. घरी तिची आई निलम्मा त्याच वेळी लेकीसाठी झोक्याचा दोर आढ्याला बांधून घेत होती.

जंगमस्वामींना बोलावून लेकीला वावरात समाधी दिली. मग ईरण्णानं एक उंच दगड गाडीत घालून ओढ्यावर नेला आणि मोटार जिथून घसरली तिथं, फरशीलगतच्या मातीत, अगदी कडेला, रोवला. त्याला चुना फासला. पाणी चढलं तरी येणाऱ्याला कड दिसावी, एवढाच त्याचा हेतू होता. सरकार कठडा बांधीपर्यंत काहीतरी हवं.

कठड्यासाठी त्यानं गाव गोळा केलं. मठाच्या ओसरीवर बैठक झाली आणि सडक समिती निघाली. समितीत पेठेतले दुकानदार होते, गाडीवान होते, आणि अंकुशराव होता. अंकुशराव शेतकरी, तोंडाचा फटकळ, ईरण्णाचा जुना सोबती. दोघं मिळून हुमनाबादला गेले, बिदरला गेले, एकदा हैदराबादेतही जाऊन आले. तालुक्याला म्हणत, हे काम जिल्ह्याचं. जिल्ह्याला म्हणत, वरून मंजुरी येऊ द्या. हैदराबादच्या कारकुनानं तर अर्ज बघून विचारलं, हा इंग्रजीत का नाही?

बाहेर आल्यावर अंकुशराव म्हणाला, "निजामाच्या राजात उर्दूत लिवा म्हणायचे, आता इंग्रजीत लिवा म्हणायलेत. ईरण्णा, आपल्या बोलीत रडलेलं कोणत्या राजात ऐकू जातंय रं?"

"जाईल," ईरण्णा म्हणाला. "आपुन यायचं सोडलं न्हाई तर जाईल. माझी गेली. दुसऱ्याची जाऊ नये."

प्रत्येक कचेरीत तो एकच प्रश्न विचारायचा. त्या फरशीला जबाबदार कोण, त्या माणसाचं नाव सांगा. नाव कुणी सांगत नसे. खुर्चीवरचा साहेब नवा असे, किंवा बदलीवर निघालेला असे.

इकडे निलम्मा दर सोमवारी ओढ्यावर जायची. दगडाला विभूती लावायची, पणती ठेवायची, थोडा वेळ बसून परत यायची. ईरण्णा बघत होता, पण त्यानं अडवलं नाही. त्यांच्या लिंगायत घरात गळ्यातलं लिंग सोडून दुसऱ्या दगडापुढं हात जोडायची रीत नव्हती. बाई दुःखात आहे, करू दे, असं त्यानं मनाशी म्हटलं.

मग दुसऱ्या बायका जायला लागल्या. कुणी हळदीकुंकू वाहिलं, कुणी खण बांधला. मोटारीचा नवा ड्रायव्हर खाजामियाँ, तोही वळणावर गाडी थांबवून नारळ फोडायचा आणि मगच फरशीवर चाक घालायचा. ईरण्णानं त्याला हटकलं तेव्हा तो हसून म्हणाला, "क्या करूं अण्णा, सवाऱ्याच नाही बैठते. बोलते, पहले मल्लव्वा को नारियल, बाद में गाडी."

दोन पावसाळे गेले. ओढ्यात कुणी पडलं नाही. गाड्या नारळासाठी थांबत होत्या, थांबल्यामुळं हळू जात होत्या, म्हणून पडत नव्हत्या. ईरण्णाला हे स्वच्छ दिसत होतं. गावाला वेगळं दिसत होतं. मठाच्या ओसरीवर बैठकीला माणसं येईनाशी झाली. शेवटी तो आणि अंकुशराव असे दोघंच बसले.

अंकुशराव तंबाखू मळत म्हणाला, "अण्णा, राग मानू नको. आता कठडा कामून पायजे? तुझी पोर राखायलीय की."

"राखायचं तिच्या हातात असतं, तर तिनं स्वतःला राखलं नसतं का?"

अंकुशरावनं मळलेली चिमूट तोंडात न टाकता तशीच खाली झटकली.

पुढच्या हिवाळ्यात मंजुरी आली. सडकेचा साहेब जीपमधून उतरला, त्यानं फरशी मोजली. दोन्ही बाजूंनी रुंदी वाढवायची आणि वर दगडी कठडा घालायचा, असा नकाशा होता. ईरण्णाचे डोळे भरून आले. साहेबानं नकाशावरून मान वर केली आणि कुंकवानं माखलेल्या दगडाकडं बोट दाखवलं.

"हे देऊळ मधे येतं."

"देऊळ न्हाई साहेब. मीच रोवलेला दगड हाय. खूण म्हणून."

"तुमच्यासाठी खूण असेल. मला इथं पन्नास नारळ दिसतात. देवस्थानाला माझ्या माणसाचा हात लागला की उद्या दंगा होईल, आणि जाब मला विचारतील. गावानं आपण होऊन हलवू द्या. मार्चपर्यंत हललं नाही तर मंजुरी परत जाईल."

इतकी वर्षं जबाबदार माणूस शोधत हिंडलेल्या ईरण्णापुढं साहेबानं जबाबदारी आणून ठेवली होती, आणि ती त्याच्याच दारात.

त्यानं समिती बोलावली. या वेळी ओसरी भरली. पण दगड हलवायला एकही जण तयार होईना. देवीचा कोप कोण अंगावर घेणार? एक म्हातारी उठून म्हणाली, "बाप हायस का कोण हायस रं तू? लेकीला दोनदा घालवायलास." ईरण्णानं अंकुशरावकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "माझी सून पोटुशी हाय, अण्णा. मला सांगू नको."

राहिली निलम्मा. जेवणं झाल्यावर ईरण्णानं तिला सगळं सांगितलं. ती ताट घासत ऐकत होती.

तो म्हणाला, "तुला समाधी हाय की वावरात. तिथं दिवा लाव. रोज लाव. दगड काय, कुठला बी दगडच."

"लिंग माझ्या बी गळ्यात हाय," निलम्मा म्हणाली. "देव म्हणून मी तिथं जात न्हाई. गावाला जायचं तर जाऊ दे."

"मग कामून जातीस?"

तिचा हात थांबला. "वावरात जाते तवा ती मेलेली दिसती. पुरलेली. ओढ्यावर बसले की वाटतंय, ती अजून वाटंवर हाय. यायलीय. मोटार वळणावर आली की मी उतरणाऱ्या बायका बघते. तेवढंच हाय माझ्याजवळ. तेवढं बी काढून घेणार असला तर घ्या. मला इचारू नका."



फाल्गुनातल्या एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, तो पहार घेऊन ओढ्यावर गेला. लपूनछपून करायचं त्याला पटलं नसतं. माणसं गोळा झाली, थोडी लांबच राहिली. कुणी शिव्या दिल्या, कुणी वाट बघत राहिलं की आत्ता याचे डोळे जातील नाहीतर हात लुळा पडेल. ईरण्णानं बुडाशी माती उकरली. दगड त्यानं स्वतःच खोल रोवला होता, हलता हलेना. घाम डोळ्यांत जाऊन त्याला दिसेना तेव्हा खाजामियाँनं मोटार बाजूला उभी केली, खाली उतरला, आणि पहारीच्या दुसऱ्या टोकाला हात लावला. दगड आडवा झाला. गर्दीतून एक बाई हुंदका देऊन रडली. ती निलम्मा नव्हती. निलम्मा आलीच नव्हती.

काम सुरू झालं. ईरण्णा दुकान बंद ठेवून रोज ओढ्यावर बसायचा. चुन्यात वाळू जास्त पडली की गवंड्याला हटकायचा. कंत्राटदार म्हणायचा, "अण्णा, तुझ्या बापाचा पूल हाय का?" ईरण्णा म्हणायचा, "व्हय," आणि चुना पुन्हा कालवून घ्यायचा. गावातलं कुणी तिथं फिरकत नव्हतं. निम्म्या गिऱ्हाइकांनी त्याच्या दुकानाची पायरी सोडली होती. उन्हाळा सरता सरता कठडा पुरा झाला. कंबरभर उंच, घडीव दगडांचा. ईरण्णानं दोन्ही हातांनी रेटून पाहिला. तो जागचा हलला नाही.

घरी येऊन त्यानं पाय धुतले. निलम्मा चुलीपाशी भाकरी थापत होती.

"कठडा झाला," तो म्हणाला. "बैल धडकला तरी पडायचा न्हाई."

"बरं झालं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आता कुणाची लेक पडायची न्हाई."

"व्हय."

"आनि मला आता कुणाची वाट बघायची न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ईरण्णाला काही बोलता आलं असतं. इतक्या कचेऱ्यांतून, इतक्या साहेबांपुढं तो बोलला होता. निलम्मानं ताट वाढून पुढं सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. तो जेवला नाही. ताट तसंच ठेवून उठायचीही त्याची छाती झाली नाही.