मीठ पूर्ण बंद

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत माझं ब्लडप्रेशर सगळ्यांना ठाऊक होतं आणि प्रत्येकाकडे त्यावर औषध होतं. कुणी दुधीचा रस सांगायचं, कुणी सर्पगंधेची पूड, कुणी पहाटे अनवाणी घाटावर चाला म्हणायचं. आणि सगळ्यांचं शेपूट एकच, "राग कमी करा हो बाई." असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. अहो, एका वर्गात साठ पोरं कोंबलेली, त्यांच्यापुढे दिवसभर उभं राहून बघा आणि मग सांगा राग कमी करायला!

माझा जीव मूल होण्यात अडकला होता. लग्न उशिरा झालं, तिशीला टेकल्यावर. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि ह्यांनी मला दवाखान्यात नेलं तोवर बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. मला दाखवली नाही. "बघू नका, उगाच त्रास होईल," म्हणाले. मी आजही म्हणते, दाखवायला हवी होती. नाक कुणाचं घेतलं होतं तेवढं तरी कळलं असतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, आधी प्रेशर खाली येऊ द्या, मग पुढचा विचार. नाहीतर पुढच्या वेळी बाळही हाती लागायचं नाही आणि बाईही. आमचे हे मुळातच भित्रे. त्या दिवसापासून त्यांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत टाकली.

गोळ्या सुरू झाल्या. आधी सकाळची, मग सकाळ-संध्याकाळची, मग पांढरीच्या जोडीला पिवळी. तोंडाला कोरड पडायची, फळ्यावर लिहिताना झापड यायची, पण पारा म्हणून हलायचा नाही. डॉक्टर दंडाचा पट्टा सोडताना दर वेळी विचारायचे, "मीठ बंद आहे ना?" मी ठणकावून सांगायचे, "पूर्ण बंद!" आणि ते खोटं नव्हतं. माझ्या भाजीचं पातेलं वेगळं होतं. लोणचं नाही, पापड नाही, गल्लीच्या तोंडाशी मिसळीची कढई उकळायची तिथून मी मान खाली घालून जायचे.

सासूबाई मला फार जपायच्या. नातवंडाची आस त्यांना माझ्याइतकीच होती. त्यासाठी त्या संकष्टी करायच्या, सोमवार करायच्या. पण माझा अळणी घास घशात अडकलेला त्यांना बघवेना. मग त्यांनीच तोड काढली. उपासाचं शेंदेलोण खलबत्त्यात कुटायचं आणि चिमूटभर माझ्या भाजीत, वरणात, कणकेत टाकायचं. आमच्या घरी उपासाला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. म्हणजे ते मीठ नव्हेच! इतकं सरळ होतं सगळं, की घरात कुणालाही शंका आली नाही. "देवाला चालतं ते तुला कसं गं बाधेल?" असं म्हणत त्या वाढायच्या, आणि चव लागते म्हणून मी दोन घास जास्त खायचे.

अशी वर्षं गेली. दर जूनला पहिलीत रडत आलेली एखादी पोर मी कडेवर घ्यायचे. ती गप्प झाली तरी खाली ठेववत नसे. आपली असती तर आता चौथीत असती, आता सातवीत असती, असं मनात चालायचं.

मग आमचे डॉक्टर थकले आणि दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई बसायला लागल्या. त्या दिवशी नेमकी संकष्टी. पट्टा सोडता सोडता त्यांनी सहज विचारलं, "आज काय खाल्लंत?"

"साबुदाण्याची खिचडी. उपास आहे."

"बिनमिठाची?"

"मीठ कुठलं हो? शेंदेलोण. रोजचंच माझं."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. "रोज? अहो बाई, ते मीठच आहे."

पूल ओलांडून घरी येईपर्यंत मी नुसती धुमसत होते. आल्या आल्या स्वयंपाकघरात ओरडले, "आई, ते मीठच आहे! इतकी वर्षं तुम्ही मला मीठ घातलंत!" त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलतेस? उपासाला चालतं ते." ह्यांनी त्यांना खाली बसवून समजावून सांगितलं. कळलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्वतः अळणी जेवायला लागल्या. मी हातापाया पडले, भांडले, ताट सरकवलं, पण ऐकलं नाही त्यांनी. त्यांचा घास घशात अडकलेला मग मी बघायचे, आणि माझा राग कुठल्या कुठे जायचा.

काही महिन्यांत पारा उतरला. त्याच गोळ्या, तीच मी. डॉक्टरीणबाई हसल्या, "छान! आता काही हरकत..." आणि केसपेपरवर माझं वय पाहून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. चाळिशी उलटली होती.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "उतरलं?"

"उतरलं, आई."

"मग आता गं?" त्यांनी इतक्या आशेने विचारलं, की मला नाही म्हणवेना. त्या संध्याकाळी ह्यांनी गादी आत आणून टाकली. आम्ही तिघांनी वाट पाहिली. दर महिन्याला सासूबाई माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मी मान हलवायचे. मग एका वर्षी पाळीच गेली, आणि त्यांनी बघायचं सोडलं.

आता सासूबाई नाहीत. प्रेशर अजून उत्तम आहे. दवाखान्यात कुणी पट्टा सोडून "वा, छान आहे हो!" म्हणालं, की मला अजूनही संताप येतो. छान आहे, पण कुणासाठी?