शेतातलं ओंडक्यांचं घर

लग्न होऊन मी जळगावहून धरणगावजवळच्या त्या खेड्यात आले तेव्हा मला अहिराणी कळायची, पण बोलता यायची नाही. आणि सासऱ्यांशी बोलायची तर रीतच नव्हती. आबा ओट्यावर बसलेले असले की मी पदर सावरून मागच्या दारानं ये-जा करायची. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगत आणि सासूबाई मला. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

आबा हाडापेरानं मोठे होते. पण मी त्या घरात यायच्या थोडं आधी ते बैलगाडीवरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. काठीशिवाय चालवेना. शेतीचा कारभार ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आला आणि आबांच्या वाट्याला ओटा आला. सकाळी ते तिथं बसत, दुपारी उन्हाबरोबर सरकत सरकत भिंतीच्या सावलीला जात. एवढाच त्यांचा दिवस.

बापलेकांत बोलणं नव्हतं. त्याला कारण निलगिरी. गावोगाव निलगिरीची रोपं वाटली जात होती त्या काळात आबांनी हौसेनं विहिरीजवळच्या तुकड्यात ती लावली होती. झाडं भराभर वाढली, बाणासारखी सरळ गेली. पण शेजारच्या पट्ट्यातला कापूस खुरटला, विहीर होळीआधीच तळ दाखवू लागली. तोडायला आली तेव्हा सगळ्यांचीच एकदम आली होती, त्यामुळे घ्यायला कुणी येईना. हे एकदा चिडून ओट्यासमोरच म्हणाले, "मला विचारलं असतं तर ही वेळ आली नसती." त्या दिवसापासून निरोप अक्कांमार्फत जायचे. दोघं एका पंगतीला जेवायला बसायचे आणि "त्याले इचार, पानी दिधं का?" असं आबा अक्कांना विचारायचे.

मी धरणगावच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायला जात होते. तिथल्या एका गुरुजींकडे रशियाहून येणारं एक मराठी मासिक यायचं. वाचायचं कमी, मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला जास्त. कागद जाड, गुळगुळीत, रंगीत. जुने अंक ते आम्हाला वाटून टाकत. एका रविवारी मी उंबऱ्याच्या आत बसून त्याची पानं सुटी करत होते. वाऱ्यानं एक पान बाहेर ओट्यावर गेलं. आबांनी ते काठीनं दाबून धरलं, उचललं आणि बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या कडुलिंबाच्या झाडाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पोरी, आठे काय लिखेल शे?"

ते माझ्याशी थेट बोललेले पहिलेच शब्द. मी अक्कांकडे बघितलं. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान खाली ठेवूनच हात हलवला, सांग म्हणून.

मी अंकातला तो सगळा लेख शोधला आणि दाराच्या आतूनच वाचायला लागले. रशियाच्या उत्तरेकडच्या खेड्यांतल्या लाकडी घरांविषयी होता तो. तिथं झाडंच झाडं आणि निम्मं वर्ष बर्फ. अख्खे ओंडके आडवे एकावर एक रचून भिंती करायच्या. कोपऱ्यात ओंडक्याला खाच पाडायची, तिच्यात दुसरा ओंडका बसवायचा. दोन ओंडक्यांच्या मधल्या फटीत शेवाळ ठासायचं म्हणजे वारा आत येत नाही. माणसं, गाई, गवताची गंजी, सगळं एकाच छपराखाली, म्हणजे बर्फ पडत असताना बाहेर जायला नको. छपराच्या आढ्याच्या टोकाला घोड्याचं तोंड कोरायचं.

"खिळा नही?" आबांनी मध्येच विचारलं.

"जुन्या घरांना नाही म्हणतात आबा. नुसत्या कुऱ्हाडीनं बांधायचे."

"बठ्ठं घर?"

"बठ्ठं."

माझ्या तोंडून 'सगळं'साठी अहिराणी शब्द आला म्हणून की काय, आबा हसले. मग त्यांनी तो लेख मला पुन्हा वाचायला लावला. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या वेळी म्हणाले, "तठे आंधारामा काय बसस? आठे ये, उजेडमा बस." मी उंबरा ओलांडून ओट्याच्या कडेला बसले. शेजारणीनं ते बघितलं आणि अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मना डोयासमोर बसेल शे. तुले काय?"

थोड्याच दिवसांत ह्यांनी निलगिरी तोडून टाकायचं ठरवलं. जळण म्हणून तरी जाईल, विहीर तरी वाचेल. अक्कांनी हे आबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता घरात वादळ होणार. आबा म्हणाले, "त्याले सांग, तोड. पन ओंडका माले ठेव. मी घर बांधसू."

"घर शे ना आपलं," अक्का म्हणाल्या.

"वावरमा बांधसू. तसं." त्यांनी त्या पानाकडे बोट दाखवलं.

अक्कांनी पान हातात घेतलं. त्यातलं बर्फ बघितलं, रुमाल बांधलेली बाई बघितली. "येड लागनं तुमले," म्हणाल्या आणि पान खाली ठेवून चुलीकडे गेल्या.

ह्यांना राग आला, पण एका बाजूनं सुटल्यासारखंही वाटलं असावं. ओंडके कुठं टाकायचे हा प्रश्न मिटला होता. ते मला म्हणाले, "करू दे. बसून बसून माणूस खराब होतो."

आमच्याकडे यावलकडचा एक सालदार होता. सातपुड्याच्या पायथ्याचा, कुऱ्हाडीवर हात बसलेला. आबा बाजेवर बसून कोळशानं खुणा करायचे आणि तो खाचा पाडायचा. ओंडके मांडीएवढे जाड, त्याहून मोठे मिळणार नव्हते. जोतं दगडाचं घातलं, उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून खालच्या ओंडक्यांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासलं. शेवाळ आमच्याकडे कुठलं? आबांनी त्यावर तोड काढली. किडक्या बोंडांतला पिवळा कापूस, ज्याला आम्ही कवडी म्हणतो, तो कुणी विकत घेत नाही. तो कडुलिंबाच्या तेलात भिजवून आम्ही फटींत ठासला. आम्ही म्हणजे मी आणि आबा. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन शेतात जायची आणि दुपारभर तिथंच असायची. हाताला लिंबाच्या तेलाचा वास महिनाभर होता. वर्गातली मुलं नाक मुरडायची.

त्या दुपारी आबा खूप बोलायचे. लहानपणी तापीच्या पुरात वाहून आलेलं लाकूड ते कसे पोहून काढायचे, अक्कांना बघायला गेले तेव्हा त्यांनी आबांसमोर यायलाच कसं नाकारलं होतं, असलं काहीबाही. माझ्या वडिलांनी माझ्याशी इतक्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या.

चुका पुष्कळ झाल्या. एक भिंत बाहेर कलली आणि अर्धी उतरवून पुन्हा चढवावी लागली. आढ्याला आबांनी घोड्याऐवजी बैलाचं तोंड कोरलं. आठ दिवस वाकस आणि पटाशी घेऊन बसले होते. सालदारानं ते वर चढवलं आणि खाली उभं राहून बघितलं. "आबा, हाई बैल शे का डुक्कर?" आबांना आधी राग आला, मग हसू लोटलं. शिंगं लांब करायची राहून गेली होती.

बघायला माणसं यायची. पिंपळनेरकडून आलेला एक पाहुणा म्हणाला, आमच्याकडं डोंगरात कुडाची घरं असतात, हे तर तुम्ही हत्तीसाठी बांधलंय. आबांना ते फार आवडलं. जो येईल त्याला सांगायचे.

घर झालं. एकच खोली, एक दार, एक खिडकी, वर जुनी कौलं. हे मात्र त्या बाजूला फिरकले नाहीत. पाणी धरायला शेतात यायचे ते पलीकडच्या बांधावरून जायचे.

मग उन्हाळा आला आणि निलगिरीनं आपला गुण दाखवला. भर दुपारी ओंडके तडकायचे, फटाका फुटावा तसा आवाज व्हायचा. काही पिळले. सगळी भिंत हळूहळू खाली बसली आणि एक दिवस दार उघडेना. नेमके आबा आत होते.

मी डबा घेऊन गेले तेव्हा ते आतून शांतपणे म्हणाले, "पोरी, दार बसी गयं."

मी ढकलून पाहिलं, सालदारानं खांदा लावला. दार हलेना. चौकटीवर वरच्या ओंडक्याचा सगळा भार आला होता. लेखात ते लिहिलेलं होतं. नवं घर बसतं, म्हणून दार-खिडकीवर बोटभर जागा सोडतात आणि ती मऊ काहीतरी भरून बुजवतात. मी ते वाचून दाखवलं होतं आणि आबा म्हणाले होते, "त्यासनं लाकूड मऊ. आपलं कठीन शे, बसनार नही."

खिडकी लहान, आबांचा पाय तसला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी सालदाराला पंपाकडे पिटाळलं, ह्यांना बोलवायला. हे करवत आणि पहार घेऊनच आले. चौकटीभोवती हात फिरवून पाहिला, वरचा ओंडका पहारेनं उचलून धरायला सालदाराला सांगितलं आणि चौकटीचं वरचं लाकूड कापायला लागले. अंगावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. आतून आबांचा आवाज आला, "जरासं डावीकडे काप. तठे गाठ शे."

हे थांबले. मग त्यांनी करवत डावीकडे सरकवली आणि म्हणाले, "आठे का, आबा?"

"हा. तठेच."

मी डबा हातात धरून उभी होते. कितीतरी महिन्यांनी ते एकमेकांशी बोलत होते, आणि मध्ये बंद दार होतं. दार निघालं तेव्हा आबा उंबऱ्यावर आले, घामानं भिजलेले. ह्यांनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं आणि झाडाखाली बसवलं. "जागा सोडायला पाहिजे होती," हे म्हणाले. आबा म्हणाले, "पाहिजे व्हती." संध्याकाळी जेवताना आबांनी अक्कांना मध्ये न घेता विचारलं, "कापूसले पानी दिधं का?" आणि हे म्हणाले, "दिधं." अक्का भाकरी थापता थापता थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

वर जागा सोडून दार पुन्हा बसवलं, तरी अक्कांनी अजून त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना दमा होता, आणि आमच्या गावातल्या घरात चुलीचा धूर कोंडायचा. थंडीत आमच्याकडे अंग गोठायची वेळ येते, केळीची पानं काळी पडतात. त्या थंडीत त्यांना श्वास घेता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, धुरातून बाहेर काढा. आबा म्हणाले, "वावरमा चाल." अक्का नको-नको म्हणत गेल्या. आम्ही अंथरुणं, एक स्टोव्ह, पाण्याचा माठ नेला.

दोन दिवसांनी मी डबा घेऊन गेले तर बाहेरूनच हसण्याचा आवाज आला. दोघं दारात उन्हाला बसून शेंगा सोलत होते. अक्का म्हणाल्या, "आठे गरम ऱ्हास गं. रातले वारा येतच नही." त्यांचा श्वास मोकळा चालला होता. लग्न झाल्यापासून दीर-जावा, सासू-सासरे, मुलंबाळं यांच्या गर्दीत राहिलेली ती बाई, नवऱ्याबरोबर एकटी अशी पहिल्यांदाच राहत होती. त्यांना आबांशी भांडायलाही मोकळीक मिळत होती. पुढे प्रत्येक हिवाळ्यात दोघं तिथं राहायला जायची.

काही वर्षांनी ते मासिक यायचं बंद झालं. तो देशच उरला नाही, असं गुरुजींनी सांगितलं. मी ते आबांना सांगितलं. "आनि ते घरं?" त्यांनी विचारलं. "ती असतील आबा. देश मोडला म्हणून घरं कुठं जातात?" त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

आमचं घर मात्र गेलं. जळकं ऑइल, लिंबाचं तेल, दगडाचं जोतं, सगळं करूनही उधई शिरलीच. आबा काठीनं ओंडके वाजवून बघायचे. एका पावसाळ्याच्या तोंडावर खालचे ओंडके पोकळ वाजले, तेव्हा ते म्हणाले, पडायच्या आधी उतरवू. आम्ही सगळ्यांनी मिळून ते उतरवलं. वरचे ओंडके अजून चांगले होते. ह्यांनी त्यांचा गोठा केला आणि कुठला ओंडका कुठं घालायचा ते प्रत्येक वेळी आबांना विचारून केलं.

त्या हिवाळ्यात अक्कांना गावातल्या घरी झोप लागेना. तोवर चुलीच्या जागी गॅस आला होता, धूर नव्हता, दमाही बरा होता. तरी त्या सकाळी उठून म्हणायच्या, आठे गलका फार. एक दिवस ओट्यावर आबांच्या शेजारी येऊन बसल्या. मी आतून ऐकत होते.

"परत बांधसात का?"

"काय?"

"तसं घर."

आबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "लाकूड नही आते."

"मंग लावा ना झाडं," अक्का म्हणाल्या.

आबांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला आणि मला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जावं लागलं.