घंटागाडीवरचा अक्काचा आवाज

अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. आमचं माहेर भीमेच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. तिचं सासर पुलापलीकडं, दौंडच्या हद्दीत. नांदायला गेली तरी दर आठवड्याला आईकडे चक्कर असायचीच.

मिसरी तिला आईनेच लावली. शाळेत असताना तिची दाढ ठणकायची, तेव्हा आईने तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड बोटावर घेऊन तिच्या हिरडीवर चोळली. ठणका थांबला. पुढे ती दाढ काढून टाकली, मिसरी मात्र राहिली. आमच्याकडच्या बायका तिला व्यसन म्हणतच नाहीत. दात घासणं म्हणतात. मला तंबाखू भाजतानाचा उग्र वास सोसायचा नाही, म्हणून मी वाचले.

मी शिरूरला मोबाइलवर चालणाऱ्या एका लहानशा चॅनलसाठी बातम्या करते. पाणीटंचाई, कांद्याचे भाव, बिबट्या दिसला, असल्या. एकदा दौंडकडे बातमीला गेले होते, तर वाटेत अक्काकडे थांबले. ती दुधात भाकरी कुस्करून, न चावता गिळत होती.

"हे काय गं?"

"काय न्हाई. तिखट सोसंना. तोंड आलंय."

"कधीपासून?"

"कांदा लावला तवापासून. गोळ्या चालू हायत."

कांदा तर काढायला आला होता. मी तिला आ करायला लावलं आणि मोबाइलची बॅटरी लावली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, उघडी जखम. दुसऱ्या दिवशी तिला दौंडला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघितलं, हातमोजे काढले आणि मला विचारलं, "यांच्याबरोबर घरचं पुरुषमाणूस कोणी आलंय का?"

"तोंड माझं हाय डाक्टर," अक्का म्हणाली, "मलाच सांगा की."

पुण्याच्या दवाखान्यात सगळं स्पष्ट झालं. जबड्याचा आणि जिभेचा काही भाग काढावा लागणार होता. बोलणं पूर्वीसारखं राहणार नाही, हेही तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. अक्का ऐकत होती. बाहेर बाकावर आल्यावर ती समोरच्या भिंतीवरची तंबाखूची पोस्टरं बघत बसली. गुटखा खाणारा माणूस, बिडी ओढणारा माणूस.

"ह्यात सगळे बाप्येच हायत," ती म्हणाली. "मिसरीवाली बाई कुणाला घावलीच न्हाई व्हय? मला कुणी सांगितलं असतं, तर मी आधीच नसते का आले?" मग माझ्याकडे वळली. "तू बातम्या करतीस न्हवं? काढ मोबाइल. आवाज हाय तवर माझी बातमी कर."

पहिल्यांदा ती भाषण केल्यासारखी बोलायला लागली आणि स्वतःच हसली. दुसऱ्यांदा घरात बोलावं तशी बोलली: "बायांनो, मी तुमच्यातलीच हाय. ल्हानपणापासनं मिसरी लावत आले. तोंडात चट्टा उठला, म्या अंगावर काढला. तुम्ही काढू नका. पोरींच्या दाताला मिसरी लावू नका. आन् तोंड दाखवायला लाजू नका गं, आपलंच हाय ते."

ऑपरेशननंतर तिचं बोलणं दाजींना आणि मलाच काय ते कळायचं. पाणी मागितलं तरी शेजारच्या बायका आमच्याकडे बघायच्या.

तो व्हिडिओ मी चॅनलवर टाकला. पुष्कळ लोकांनी पुढे पाठवला. काहींनी लिहिलं, घरातलं दुखणं चव्हाट्यावर कशाला? आमच्या माहेरच्या सरपंचबाई मात्र म्हणाल्या, "आमच्या बाया कुठं मोबाइल बघत बसत्यात? घंटागाडीवर लावू." तेव्हापासून कचरा गोळा करणाऱ्या गाडीच्या भोंग्यावर, दोन गाण्यांच्या मधे, अक्काचा आवाज गल्लोगल्ली फिरू लागला.

तेवढ्यावर भागणार नव्हतं. तोंड दाखवायचं तर बघणारं कुणीतरी पाहिजे. दर महिन्याला ठरल्या दिवशी गावातच बायकांची तोंडं तपासावीत, असा ठराव ग्रामसभेत झाला. तो घेऊन आम्ही तालुक्याला बैठकीला गेलो. आधी तिथले आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, "तंबाखूविरोधात आपण रॅली काढतोच की दरवर्षी." मी मोबाइलवर अक्काचं बोलणं लावलं. ते संपलं. मग शेजारी बसलेल्या अक्काने तोंडावरचा पदर खाली घेतला आणि तशीच बसून राहिली. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. काही महिन्यांनी आसपासच्या गावांत तपासणी सुरू झाली. मी त्या तपासणीची बातमी केली, पण ती वाचून दाखवताना अक्काचं लक्ष नव्हतं. तिच्या मानेत गाठ आली होती.

पुढचं फार लांबलं नाही. आईकडेच, भर दुपारी, माझा हात धरून ती गेली. शेवटी काहीतरी बोलत होती. मी पुन्हा पुन्हा कान लावला. मला कळलं नाही. ज्या बाईचं बोलणं दोन तालुक्यांनी ऐकलं, तिचा शेवटचा शब्द मला कळला नाही.

दहावा-तेरावा व्हायच्या आतच घंटागाडी दारावरून गेली. "बायांनो, मी तुमच्यातलीच हाय." ओसरीत टेकलेले दाजी उठून परसात गेले. आई भिंतीला धरून उभी राहिली. मी सरपंचबाईंना फोन केला आणि आमच्या गल्लीपुरता आवाज बंद करवला.

चार-पाच दिवस गेले. एका सकाळी आईने विचारलं, "ती बोलंना का आता?"

"मीच बंद करायला सांगितलं. तुला त्रास होतो म्हणून."

"आधी दवाखान्यानं तिचं बोलणं नेलं," आई म्हणाली, "आता तू बी नेतीस?" मग बराच वेळ तिने आपल्या बोटाकडे बघितलं. "ह्याच बोटानं लावली होती गं म्या."

मी तिला जवळ घेतलं. तुला कुठे ठाऊक होतं, असं म्हणाले. ते खरंही होतं, पण तिच्या उपयोगाचं नव्हतं. त्या महिन्यात आई स्वतः चालत तपासणीला गेली. रांगेत पहिली बसली. जन्मभर मिसरी लावूनही तिच्या तोंडात काही निघालं नाही. घरी आल्यावर ती जितकी रडली, तितकी अक्का गेली त्या दिवशीही रडली नव्हती.

आवाज पुन्हा सुरू झाला. आई हातातलं काम ठेवून दारात येते आणि गाडी वळेपर्यंत ऐकत राहते. मला अजून जमत नाही. माहेरी असले की त्या वेळेला मी नदीवर निघून जाते.