साहेबांच्या मांडवातलं जेवण

अन्न-औषध खात्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी अन्नाकडे बघतो, शिंदे मॅडम औषधं आणि कॉस्मेटिक्सकडे. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके आमच्याकडे. जीप एकच, म्हणून किस्सेही सामाईक. मंडळी चहाला बसली की सांगतो आणि हशा पिकतो. पण यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि लक्षात आलं, की ज्यांचे किस्से मी सांगत फिरतो त्यांच्यापैकीच कुणाला तरी तिच्या लग्नाचा स्वयंपाक करायचाय. तेव्हापासून माझं हसू जरा कमी झालंय.

*

दौंडकडचं एक मेडिकल. फार्मासिस्ट हजर नसेल तर औषध विकायचं नाही, असा नियम आहे. मॅडम गेल्या तेव्हा त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, खुर्ची मात्र रिकामी.

मालक म्हणाला, "जेवायला गेलेत."

सकाळची वेळ होती. मॅडम म्हणाल्या, "येऊ देत, मी बसते." त्या बसल्या. दुपार टळली. मालकाने दोनदा चहा मागवला, मॅडमनी दोनदा नको म्हटलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "जेवतात तरी कुठं?"

"नागपूरला," मालक म्हणाला. "घर हाय त्यांचं तिथं."

*

केंदूरला आमची जीप वळली की हॉटेलांची शटर आपोआप खाली येतात. आम्ही पाण्याची बाटली घ्यायला थांबलो असलो तरी येतात. एकदा फक्त सलून उघडं राहिलं, कारण आपला या खात्याशी काही संबंध नाही अशी त्या माणसाची समजूत होती. फळीवर गोरं करायच्या क्रीमच्या डब्या होत्या. लेबल नाही, बॅच नंबर नाही, काही नाही.

मॅडमनी विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं न्हाई मॅडम. म्हंजी एकदम प्युअर."

"तुम्ही स्वतः लावता का?"

"न्हाई," तो म्हणाला. "मला दोन पोरं हायती."

*

नमुना घेतला की त्याचे चार भाग करायचे, बाटल्यांत भरायचे, लाखेनं सील करायचे आणि त्यावर पंचाची सही घ्यायची. पंच म्हणजे तिऱ्हाईत साक्षीदार. नियमात हे एका ओळीत आहे. गावात पंच मिळणं म्हणजे स्थळ मिळण्यापेक्षा अवघड.

निमोण्यात एका डेअरीवर दुधाचा नमुना घेतला. सही म्हटल्यावर पारावरची गर्दी पांगली. एक आबा तेवढे काठी टेकत पुढं आले आणि चारी बाटल्यांवर वळणदार सही करून मोकळे झाले. मला भरून आलं. रीत म्हणून विचारलं, "आबा, डेअरीवाल्याशी काही नातंगोतं?"

"न्हाई बा."

"ओळख?"

"पोरगा हाय माझा," आबा म्हणाले. "पण वाटणीपसनं बोलत न्हाई आमी."

*

राहू गावचे आप्पा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले आचारी. त्यांचा एक नेम आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय कढईतलं चाखायचं नाही, वासही घ्यायचा नाही. त्यांचा स्वयंपाक असलेल्या एका लग्नात कुणीतरी फोन केला म्हणून मी गेलो. बासुंदीत टाकलेला खवा बाहेरून टेंपोनं आलेला होता आणि उन्हात आंबला होता. नैवेद्य व्हायचा होता, म्हणून आप्पांना पत्ता नव्हता. मी नमुना घेतला आणि अख्खी कढई खड्ड्यात ओतायला लावली. नवरीचा बाप बघत उभा होता.

आप्पा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्या दारातबी कवातरी मांडव पडंल."

*

तो पडला. आचारी शोधायला लागलो. एकाने तारीख ऐकायच्या आधीच सांगितलं, की त्या दिवशी बुकिंग आहे. दुसरा म्हणाला, "साहेब, नुसत्या चहावर करा. शोभून दिसतं." तिसऱ्याने फोनच बंद ठेवला.

बायको म्हणाली, "तुमच्या नोकरीपायी माझ्या लेकीच्या लग्नातनं लोक उपाशी जाणार." आणि तिनेच राहूला आप्पांना फोन लावला.

आप्पा लगेच हो म्हणाले. गोडाचं काय करायचं, विचारल्यावर म्हणाले, "बासुंदी."

मला धास्ती बसली, खरं सांगतो. मनात काय काय आलं. पण नको म्हणायला तोंड नव्हतं, आणि मांडवामागं पाऊल टाकायचं नाही अशी बायकोची ताकीद होती.

पंगती उठल्या. लोक मागून मागून बासुंदी घेत होते. मुलगी हसत होती. मी शेवटच्या पंगतीला बसलो आणि वाटी तोंडाला लावणार, तोच आप्पा मागून म्हणाले, "थांबा साहेब."

आप्पांनी माझ्या पानापुढं परात ठेवली. परातीत चार बाटल्या होत्या. बासुंदीनं भरलेल्या, बूच लावलेल्या, वरून लाखेचं सील. प्रत्येकीच्या चिठ्ठीवर एकच सही, शाई अजून ओली.

सही व्याह्यांची होती. व्याही सोलापूरचे. त्यांनी पेनाला टोपण लावलं, फेटा सारखा केला आणि आप्पांना हळूच विचारलं, "तुमच्याकडं लग्नात अशी रीत असते का हो?"

"समद्यांच्यात न्हाई," आप्पा म्हणाले. "ह्यांच्यात हाय."