प्लाझ्मा माहा, तोंड दुसऱ्याचं

"उद्या तू फेटिया-कांचळी घालून ये. पाहुणे बाहेरचे आहेत. त्यांना आपली संस्कृती दिसायला पाहिजे."

सर हे बोलले तेव्हा माह्या हातात पेन ड्राइव्ह होता. त्याच्यात माहं प्रेझेंटेशन होतं. दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या आमच्या कॉलेजात सेमिनार होता अन् मले वाटत होतं का मीच बोलणार आहे.

"सर, मंग माहं प्रेझेंटेशन?"

"ते अनघा करेल. तिची भाषा स्वच्छ आहे. तू दारात स्वागताला उभी राहा."

मी पेन ड्राइव्ह मुठीत दाबला.

"असं तोंड नको करू. प्लाझ्मा कोणीही सांगितला तरी प्लाझ्माच राहतो."

सर माहे गाइड. पीएचडीचे. त्यायचे वडील सरकारी कचेरीत मोठे साहेब होते, आजोबा वकील. घरी तीन पिढ्यांची पुस्तकं. पहिल्याच भेटीत त्यायनं माहं आडनाव ऐकलं अन् म्हटलं, "तांड्यावरची का? आमच्याकडे तुमच्यातली एक बाई होती कामाला. फार प्रामाणिक." मी मान हलवली. मंग निघताना मी म्हटलं, "येतो सर." ते हसले. "मुलगी आहेस ना? येतो काय? आधी मराठी सुधार, मग इंग्रजीचं बघू."

आमच्या इकडे बायका येतोच म्हणतात. माही आई, माही याडी, म्हणते, तांड्यावरच्या साऱ्याच म्हणतात. मीही इथं तसंच लिहून राह्यली. सुधरवलं नाही.

आमचा तांडा बोरी अरबच्या पुढे. बीएस्सी दारव्ह्याले केली, एमएस्सी यवतमाळले. मंग वर्षभर एका मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जायले भेटलं, कारण आमच्या कॉलेजात तसा लेझर नव्हता. तिथं मी तांब्याच्या पत्र्यावर लेझरचे लहान-लहान ठोके मारत होती. लहान म्हणजे किती लहान, हे सांगायले माह्याजवळ उपमा नाही. त्याच्यापुढे डोळ्याची पापणी लवणं म्हणजे युग झालं. तांब्याले तापायलेही सवड भेटत नाही. आधी नुसते इलेक्ट्रॉन तापतात. अणू आपल्या जागेवर थंडेच. मंग तो ताप अणूंमध्ये उतरते अन् वरचा पापुद्रा सुटून उडून जाते. त्या उडालेल्या तांब्याचा जो पेटता ढग बनते, तो प्लाझ्मा. हिरवा दिसते. मटरएवढाही नसते. अन् दिसेपर्यंत गेलेला असते.

लॅबमध्ये घुसाच्या आधी अंगावरचं चमकणारं सारं काढून ठेवा लागे. बांगड्या, घड्याळ, कानातलं. कशावरूनही किरण उलटला तं डोळा जाते. वर्षभर मी उघड्या मनगटानं काम केलं. अंधाऱ्या खोलीत, जाड काचेचा चष्मा घालून.

तिथं मले एक गोष्ट दिसली. हिरवा ढग विझल्यावर मागून एक मंद, तांबूस उजेड येत होता. हळू. मी सरले फोन केला. सर म्हटले, "कॅमेऱ्याची चूक असेल. काढून टाक."

मी काढला नाही. कॅमेरा बदलून पाह्यला. पत्रा बदलला. लेझर बंद करून पाह्यला, तं उजेड गायब. मंग त्या उजेडाचे रंग फोडून पाह्यले. तांब्याच्या ठरलेल्या हिरव्या रेषा त्याच्यात नव्हत्या. भट्टीतल्या लोखंडासारखा सलग रंग होता. म्हणजे ते तांब्याचे बारीक-बारीक कण होते, तापलेले, मागून रेंगाळत येणारे. दुसऱ्या देशांतल्या लोकांनी असं आधी पाह्यलं होतं, हे मंग वाचल्यावर समजलं. पण माह्या पत्र्यावर ते मीच पाह्यलं होतं. चूक म्हणून फेकलं नव्हतं. तो फोटो पाहून मी त्या खोलीत एकटीच हसली होती.

तोच फोटो आता अनघा दाखवणार होती.

फेटिया मी घातला. का घातला, तं गाइडले नाही म्हणता येते हेच मले माहीत नव्हतं. फेटिया म्हणजे आमचा घागरा, तो याडीचा. काचा लावलेला, एकेक टाका तिच्या हातचा. मले तो लई आवडते. आमच्या घरच्या लग्नांत मी तो घालून नाचली आहे. पण त्या दिवशी दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडताना तो अंगाले टोचत होता. कॉलेजातली पोरं फोटो काढून राह्यली होती. एक प्राध्यापक जाता-जाता म्हटले, "वा, आज नाच आहे वाटतं."

सेमिनार सुरू झाला. मी दाराजवळच होती. खुर्ची कोणी दिली नाही, मीही मागतली नाही.

अनघा वाईट पोरगी नाही. माह्याच बरोबरीची, सरच्या ओळखीतली. माहे फोटो तिनं एकामागून एक दाखवले. स्वच्छ इंग्रजीत. पहिल्या पानावर सरचं नाव होतं अन् तिचं. माहं शेवटच्या पानावर, आभारात, लॅबच्या इलेक्ट्रिशियनच्या खाली.

मंग दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्या मॅडमनं प्रश्न विचारला. वयस्क बाई, या विषयातलं मोठं नाव. त्या तांबूस उजेडाबद्दलच विचारलं. हा उजेड खरा आहे का कॅमेऱ्याचा दोष? कशावरून?

अनघानं सरकडे पाह्यलं. सरनं कागदाकडे पाह्यलं. अन् मंग साऱ्या हॉलवरून त्यायची नजर दारापर्यंत आली. माह्यापर्यंत. हातानं त्यायनं मले इशारा केला, चहावाल्याले करतात तसा.

"सांग गं. तूच होतीस ना तिथे? तिथूनच सांग, मोठ्याने."

मले उत्तर येत होतं. तोंडावर होतं. वर्षभर ज्याची वाट पाह्यली, तो प्रश्न कोणीतरी विचारला होता. पण दारातून सांगतलं असतं तं ते उत्तर सरचंच झालं असतं, हे मले तेवढ्यात समजलं. फोटो गेले होते, नाव गेलं होतं. आता एवढंच माह्याजवळ उरलं होतं.

"इथून नाही सांगत, सर."

"काय?"

"काम माहं आहे. मले तिथं माइकजवळ उभं करा, माहं नाव घ्या, मंग सांगतो. दारातून नाही सांगत."

मागं कोणीतरी खिदळलं, 'सांगतो' वर. सरचा चेहरा लाल झाला, पण ते हसले. पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हटले का ही आमची आदिवासी विद्यार्थिनी जरा भावनिक आहे. आम्ही बंजारा, आदिवासी नाही. एवढंही त्यायनं कधी माहीत करून घेतलं नव्हतं. मॅडमनं मान हलवली अन् प्रश्न सोडून दिला. पुढचं भाषण सुरू झालं.

बस. एवढंच झालं. कोणी उठलं नाही. कोणी माइक दिला नाही.

चहाच्या वेळी त्या मॅडम माह्याकडे आल्या. वाटलं, आता विचारतील. त्यायनं माही ओढणी बोटांत धरली अन् विचारलं, "हे हातानं केलेलं आहे का?"

मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "हे माझ्या आईनं केलं. स्क्रीनवरचे फोटो मी केले."

त्या गोड हसल्या. "छान," म्हटल्या, अन् बिस्किट घ्यायले गेल्या.

अनघा मले कोपऱ्यात गाठून हळूच म्हटली, "मी सरांना सांगितलं होतं गं, तुलाच बोलू द्या म्हणून."

"मंग आता स्टेजवर काहून नाही बोलली?"



दुसऱ्या दिवशी सरनं केबिनमध्ये बोलावलं. लेखी माफी पाहिजे. पाहुण्यांसमोर विभागाची बेअब्रू केली म्हणून. माफी नाही तं माह्या कामाच्या अहवालावर सही नाही. अन् सही नाही तं पीएचडी तिथंच थांबली.

मी एसटीनं घरी गेली. याडी तूर पाखडत होती. सारं सांगतलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"माग ना माफी. दोन शब्द तं आहेत. तुले शिकवायले तुह्या बापानं काय-काय नाही केलं."

मी तिच्याजवळ बसून तुरीतले खडे वेचाले लागली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तू करते काय तिथं? मले कधी सांगतलं नाही."

मंग मी सांगतलं. लेझर, तांबं, हिरवा ढग, मागून येणारा तांबूस उजेड. जवळच्या तांब्याच्या भांड्यावर बोट ठेवून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं.

"मले काही समजलं नाही," ती म्हटली. "पण ते तूच पाह्यलं ना?"

"मीच पाह्यलं."

"मंग माफी कायची?"

ती परत पाखडाले लागली. अन् मले रडू आलं. सेमिनारात आलं नव्हतं.

माफी मी लिहिली नाही. सही अजून झाली नाही. गाइड बदलून द्या म्हणून अर्ज केला, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरून राह्यला. एक बाबू म्हणते साहेब रजेवर आहे, दुसरा म्हणते सरशी जुळवून घे, पोरीच्या जातीनं इतकं ताणू नये. अनघाचं त्याच फोटोंवर आणखी एक भाषण झालं, दुसऱ्या गावात. मले मंग कळलं.

जीव जळते. रोज जळते. घरात कोणाशी नीट बोलत नाही मी. कधी वाटते, सांगून टाकली असती ती एक ओळ दारातून, तं आज सही झाली असती. हा विचार येते. खोटं कायले बोलू.

पण आता मी त्या माणसाले मनात सर म्हणत नाही. त्या लॅबमध्ये मी परत अर्ज टाकला आहे. घेतलं तं परत पत्रा लावीन, परत ठोके मारीन. नाही घेतलं तरी जुने फोटो माहेच आहेत. तो माणूस ते ज्या गावात, ज्या हॉलमध्ये दाखवील, तिथं मी तिकीट काढून जाईन. समोरच्या रांगेत बसीन. अन् फोटो पडद्यावर आला का उठून उभी राहीन, माहं पुरं नाव सांगीन, आडनावासकट, अन् म्हणीन, हे मी पाह्यलं आहे, विचारा मले.