काकूंचे बर्फातले बूट

नर्सनं इंग्रजीत काय सांगितलं ते मला कळलं नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं... सुमतीकाकू गेल्या. माझ्या हातात मऊ भाताचा डबा होता, अजून गरम. त्याला आता महिना उलटून गेला.

मी सातवीत शाळा सोडलेली. काकू इथे, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, युनिव्हर्सिटीत शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या. लांबच्या नात्यातली म्हणून त्यांनी मला सोबतीला आणलं, आणि एक दिवसही कामवालीसारखं वागवलं नाही. त्यांचा विषय रोमन काळातली थडगी. राजांची नव्हे, कुठल्याशा लांबच्या प्रांतातल्या खेड्यापाड्यांतली, साध्या माणसांची. मी पोळ्या लाटायचे आणि त्या समोर बसून मढ्यांच्या गोष्टी सांगायच्या. "काकू, जेवणाच्या वेळी तरी नको हो." "अगं, दोन हजार वर्षांपूर्वीची मढी आहेत, वास नाही येत!" तिथे कितीकांना बूट घालून पुरायचे, पुढचा रस्ता लांबचा म्हणून असेल, असं त्या म्हणायच्या. चामडं कुजून जायचं, कधी हाडंही विरघळायची. तळव्याला ठोकलेले खिळे तेवढे मातीत उरायचे, पावलाच्या आकारात. तसा एक फोटो त्यांनी मला दाखवला. नुसते खिळे... आणि तिथे कुणी उभं असल्यासारखं. मला रडूच आलं. "मंगल, मलाही बूट घालूनच पाठव हं," त्या म्हणाल्या. "आपल्यात अनवाणी नेतात, आणि माझे पाय तर जूनमध्येही गार!" मी हसत हो म्हटलं. शेवटी हॉस्पिटलात त्यांनी पुन्हा विचारलं, "बुटांचं लक्षात आहे ना?" तेव्हा त्या हसत नव्हत्या.

फ्युनरल होममध्ये मी त्यांचे बर्फात घालायचे बूट पिशवीतून घेऊन गेले. त्यांचा भाचा निखिल पिस्कॅटवेहून ड्राइव्ह करून आला होता. तिथल्या माणसाशी बोलून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, नाही होणार. रबरी सोल आहे, दहनाच्या मशीनमध्ये चालत नाही. रूल आहे त्यांचा."

"अरे, पण काकूंनी सांगितलंय. परत विचार ना."

"विचारलं गं."

"मग दुसरे, चामड्याचे...?"

"मावशी, प्लीज."

त्याचेही डोळे लाल झाले होते, त्याला काय बोलणार? मला इंग्रजी येत असतं तर... पण येत असतं तरी रबर ते रबरच. मी त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे घातले, मीच विणलेले. एकाची टाच ढिली होती. ती नीट ओढून घेईपर्यंत तो माणूस दार धरून थांबला, एवढे त्याचे उपकार.

आता घर रिकामं करायचंय. निखिल म्हणतो, बूट डोनेट करू. बरोबरच आहे त्याचं. माझं पुढे काय, मला ठाऊक नाही. या देशात मला नावानं हाक मारणारं माणूस त्याच होत्या. काकू बाहेरून आल्या की बूट दाराकडे तोंड करून ठेवायच्या, काळ्या ट्रेमध्ये. फ्युनरल होममधून परत आणल्यावर मीही ते तसेच ठेवले होते, ते काल उचलून पिशवीत भरले. रस्त्यावर बर्फ वितळायला टाकतात ते मीठ सोलांना चिकटून यायचं, ते ट्रेमध्ये वाळून राहिलंय. दोन पावलं, पांढरी, दाराकडे निघालेली. बाकी सगळं घर मी पुसून काढलं. ओलं फडकं घेऊन ट्रेपाशीही बसले... आणि तशीच उठले.